वजनाच्या दांड्याचे नट

तिसगावात नट आवळायचा तर बिभीषण वेल्डिंगवाल्यानेच. माझं खताचं दुकान त्याच्या घराला आणि वर्कशॉपला लागून आहे, त्यामुळे त्याची ठोकाठोक आणि त्याचं तत्त्वज्ञान दोन्ही वीस वर्षं ऐकतोय. ट्रॉलीचा नट पुरता बसला तरी पान्याला आणखी एक झटका द्यायचा. "ढिलं काम माणूस मारतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याचा एकुलता पोरगा पार्थ पोलीस भरतीची तयारी करत होता. जिमसाठी पाथर्डीला जायला नको म्हणून बिभीषणने घरामागच्या मातीच्या खोलीत त्याला बाकडं बनवून दिलं, भरीव दांडा दिला, जाड पत्र्याच्या प्लेटा कापून दिल्या. एकदा त्यातली एक प्लेट सरकून पार्थच्या पायावर पडली आणि अंगठ्याचं नख गेलं. मालनबाईंनी नवऱ्याला धारेवर धरलं. "साऱ्या गावाच्या ट्रॉल्या आवळता. पोराच्या दांड्याला दोन नट लावाय हात झिजत्यात का तुमचं?"

त्याच दिवशी बिभीषणने दांड्याच्या दोन्ही टोकांना आटे पाडून मोठे नट बसवले. मलाही बोलावून दाखवलं. मी म्हणालो, आता भूकंप झाला तरी प्लेट हलायची नाही. काय बोलून गेलो मी.

दोन वर्षांपूर्वी, एका बाजाराच्या दिवशी, बिभीषण लोखंड आणायला शेवगावला गेला होता आणि मालनबाई कापूस वेचायला रानात. पार्थ एकटाच बाकड्यावर पडून वजन मारत होता. हात थकले आणि दांडा गळ्यावर आला. अशा वेळी एकट्या माणसाला एकच वाट असते. दांडा एका अंगाला कलता करायचा, म्हणजे प्लेटा घसरून पडतात आणि ओझं उतरतं. पार्थने तो कलता केला होता. दांड्याच्या टोकाने भिंतीवर लांब ओरखडा उमटला होता. पण प्लेटा नटाला अडल्या आणि पार्थ दांड्याखालीच गेला.

मी भिंतीपलीकडे गिऱ्हाइकांना युरिया देत होतो. मला काही ऐकू आलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं.

बिभीषणने परत आल्यावर त्याला पाहिलं, मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी दांडा उचलला. तो त्या नटाकडे बघत राहिला, मग माझा हात धरून म्हणाला, "पार्थच्या आईला ह्यातलं कळता कामा न्हाई. नट तिनं सांगितलं हुतं. ती जगायची न्हाई."

मालनबाईंना आम्ही सांगितलं की आधी त्याला हृदयाचा झटका आला आणि मग दांडा पडला. त्यांनी काही विचारलं नाही.

तेव्हापासून घरी वजन मारणाऱ्या कुणालाही बिभीषण मजुरी न घेता कठडा करून देतो. आधी माणसाला बाकड्यावर निजवतो. मग दोन्ही बाजूंना पाईप अशा उंचीवर लावतो की दांडा हातातून सुटला तर पाईपवर अडेल, गळ्यापर्यंत पोचणार नाही. कठडा टेम्पोत चढला की त्या माणसाला रस्त्यापर्यंत नेतो आणि हळूच सांगतो, एकटा असशील तर नट लावू नको. घरात ऐकू जाऊ नये म्हणून रस्त्यापर्यंत.

गेल्या महिन्यात शेवगावची संस्कृती नावाची मुलगी कठड्यासाठी आली. तीही भरतीचीच. मी तिथेच उभा होतो, मालनबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"काका, प्लेटा लई सरकत्यात," ती म्हणाली. "टोकांना नट बसवून द्या ना."

बिभीषणच्या हातातला टेप तसाच राहिला. हो म्हणावं तर पोरीच्या जिवाशी गाठ, नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार.

मालनबाईंनी चहाचं ताट खाली ठेवलं.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "एकटी असशील तर नट लावू नको. कलतं केल्यावर वजन पडाय पाहिजे."

बिभीषण त्यांच्याकडे बघायलाच तयार नव्हता. त्यांनी त्याच्या हातातला टेप काढून घेतला आणि कप दिला.

"तुमी बोलला न्हाई, म्हणून मी बी बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "भिंतीवरला त्यो ओरखडा मीच लिंपलाय."

बिभीषण पायरीवर बसला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडला. मालनबाई त्याच्या शेजारी बसल्या.