भिंगाने निवडलेला चाकू

आमच्या बचाव पथकाच्या स्टोअरकीपरला आम्ही भिंग म्हणायचो. साधा बोल्ट हाती आला तरी तो खिडकीपाशी नेऊन उलटासुलटा करून बघायचा. बावीस वर्षांत हा माणूस एकदाही पाण्यात उतरला नाही की दोराला लटकला नाही, पण आम्ही काय घेऊन उतरायचं ते तोच ठरवायचा. त्याचा एक नियम होता. दिलेली वस्तू ज्याची त्यानेच परत करायची, तो नसेल तर त्याच्या घरच्यांनी. मग भिंग तिची स्थिती वहीत लिहिणार आणि सही घेणार. आमचा एक गडी गेला, तेव्हा त्याच्या बायकोला त्याने बुटाच्या एका नाडीसाठी घरी परत पाठवलं होतं. मला तो कधीच आवडला नाही.

त्याची धाकटी बहीण आमच्यातल्याच एकाला दिली होती. भिंग त्याला दाजी म्हणायचा, म्हणून आम्हीही दाजीच म्हणायला लागलो. पाण्यात पहिला उतरायचा तो, आणि काठावर त्याचा दोर धरायचो मी.

खिशातले नवे चाकू घ्यायचं ठरलं तेव्हा भिंगाने तीन आठवडे आमचं डोकं खाल्लं. शेवटी टेबलावर दोन उरले. एक पिवळ्या मुठीचा, जाडजूड. अंगठ्याने ढकललं की पातं उघडायचं, पण पात्याशिवाय त्यात एक करवत आणि काच फोडायचं टोक, बस. दुसरा सडपातळ. पक्कड, कात्री, पेचकस धरून चौदा अवजारं, आणि पातं उघडायला नखाएवढी खाच. भिंगाने पिवळ्याचं पातं चिमटीत धरून हलवलं.

"डुगडुगतंय," तो म्हणाला. "पोरांचं खेळणं आहे हे."

मग सडपातळ चाकूने त्याने दोर कापून दाखवला, गाडीचा पट्टा कापून दाखवला.

"भिंगराव, एकदा हातमोजे घालून उघडून बघा की," दाजी म्हणाला. तोंडावर भिंग म्हणायची हिंमत त्या एकट्याचीच.

"हातमोजा काढायला असा किती वेळ लागतो, दाजी?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो.

चार महिन्यांनी भर दुपारी बंधाऱ्याखाली एक माणूस अडकला. दाजीने त्याला काठाकडे ढकलला, पण परत येताना त्याचा स्वतःचा दोर पाण्याखालच्या गजांत रुतला. पाणी त्याला खाली दाबत होतं. दोर कापला की तो सुटणार होता. माझ्या बाजूने कापून काहीच उपयोग नव्हता, मी नुसता ओरडत होतो. त्याने छातीवरचा चाकू काढलेला मी पाहिला. त्याची बोटं खाच शोधत होती. मग त्याने उजवा हातमोजा दातात धरून ओढला, आणि तसाच खाली गेला. बाहेर काढला तेव्हा मोजा दातांतच होता आणि मनगटाला दोरीने अडकवलेला चाकू मिटलेलाच होता.

दोन आठवड्यांनी बहीण सामान घेऊन स्टोअरमध्ये आली. पिशवी मी उचलली होती.

"तू कशाला आलीस गं?" भिंग म्हणाला. "मी लिहिलं असतं."

"तुझाच नियम आहे, दादा."

तिने दाजीचे हातमोजे काढले, कोपऱ्यातल्या बादलीत बुडवले आणि त्याच्यापुढे टाकले. "घाल."

त्याने घातले. तिने चाकू त्याच्या हातात दिला. "उघड."

चाकू दोनदा सटकला. दोन्ही वेळा तिने उचलून परत त्याच्या हातात ठेवला.

"मग काढ हातमोजा."

ओला मोजा निघेना. त्याने ओढला, झटकला, शेवटी दातात धरला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मला विचारलं, "किती वेळ लागला?"

तीस सेकंद झाले होते. "पन्नास," मी म्हणालो. मला त्याचं अजून वाईट वाटत नाही.

"आता लिही," ती म्हणाली.

भिंगाने वही उघडली. दोर, बूट, पट्टा, एकेक लिहीत गेला. चाकू मात्र सवयीने खिडकीपाशी नेला, उलटासुलटा करून बघितला. परत येऊन त्याने लिहिलं आणि वही बहिणीकडे सरकवली. स्थितीच्या रकान्यात त्याचं नेहमीचं सुबक अक्षर होतं: उत्तम, न वापरलेला.

तिने ते वाचलं आणि खाली सही केली.