बल्गेरियन गाऱ्हाणं

आमची सुमंगला आज दिल्लीच्या विद्यापीठात बल्गेरियन शिकवते. लोक मला विचारतात, "काकी, एवढं कसं सुचलं गो तिला?" सुचलं कसलं डोंबल! घरातल्या दोन बैलांना कंटाळून पळाली पोर.

बैल म्हणजे एक तिचे बाबा, माझे थोरले दीर बाबुराव. दुसरे तिचे काका शांताराम, म्हणजे आमचे हे. गोव्यात भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा भावजी मराठीच्या मोर्चात आणि आमचे हे कोंकणीच्या सभेत. बरं, बोलायचे दोघेही तीच आपली पेडण्याची बोली. गुरांना शिव्या द्यायचे त्यासुद्धा त्याच. पण त्या बोलीला नाव काय द्यायचं यावरून सख्ख्या भावांचा अबोला! मीठ हवं असलं की भावजी मला म्हणणार, "त्याला सांग, मीठ इकडे सरकव." मीठ ह्यांच्या हाताशी आणि मी चुलीपाशी. काय म्हणावं या पुरुषांना!

त्यात सुमंगलाचं कॉलेज आलं. मला म्हणाली, "काकी, मराठी घेतलं तर काका जेवणार नाहीत आणि कोंकणी घेतलं तर बाबा. मी अशी भाषा घेते, जिच्यासाठी आपल्या कोरगावात कोणी मोर्चा काढणार नाही." गेली दिल्लीला. रशियनचा वर्ग भरलेला, पोलिशचाही भरलेला. बल्गेरियनची बाकं रिकामी होती, तिथे जाऊन बसली. इकडे भावजी गावच्या तिंठ्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, मुलगी पंडित होणार. आणि ही पंडित वर्षभराने चवथीला घरी आली ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सोडून देते आणि डिचोलीला टायपिंग शिकते."

ती गोव्याचं राज्य झालं त्या वर्षीची चवथ. आमच्या घराण्यात गणपती एकच. मुंबईला असोत की वाळपईला, सगळे त्या एका गणपतीसमोर येतात. पूजा झाली की थोरल्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, गुरांवासरांना सांभाळ, शेताभाताला सांभाळ म्हणून, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणायचं. त्याशिवाय कोणी पानावर बसत नाही.

भावजींनी हात जोडले, घसा खाकरला. तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "गाऱ्हाणं मराठीतून घातलं तर मी होय म्हणणार नाही." भावजी म्हणाले, "आणि कोंकणीतून मी घालणार नाही." अहो, आजवर ते ज्या बोलीत घालत आले ती काय होती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी आमचे हे उठले. "ठीक आहे. पुढच्या वर्षापासून माझा गणपती वेगळा."

माझ्या हातातलं नैवेद्याच्या पातोळ्यांचं ताट पडायचंच बाकी होतं. आमच्याकडे वेगळा गणपती म्हणजे घर फुटलं. मग सुतक वेगळं, सण वेगळा, पोरं एकमेकांना ओळखेनाशी होतात. मला रडूच आलं. आणि रडता रडता जे तोंडात आलं ते बोलून गेले, "अरे मेल्यांनो, मराठी नको, कोंकणी नको, तर सुमंगला घालील बल्गेरियनमधून!"

भावांनी भटजींकडे पाहिलं. भटजींना अजून पुढची घरं उरकायची होती. ते म्हणाले, "देवाला सगळ्या भाषा कळतात. आटपा."

सुमंगला पांढरीफटक. देवावरच्या माटोळीला टांगलेल्या नारळ-सुपाऱ्यांखाली उभी राहिली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "इमा ली स्वोबोद्ना स्ताया?"

"होय म्हाराजा!" घर दणाणलं.

"कदे ये गारता?"

"होय म्हाराजा!"

काय ती भक्ती! म्हातारे डोळे पुसत होते. भावजी आणि आमचे हे एकमेकांवर मात करायला आवाज चढवत होते. सगळं आटोपल्यावर मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "काय मागितलंस गो?" ती म्हणाली, "काकी, हॉटेलात खोली रिकामी आहे का, स्टेशन कुठे आहे, माझी पेटी हरवली. मला तेवढंच येतं." पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले मी.

एवढ्यात आमचे हे दारात आले. मला म्हणाले, "त्याला सांग, वेगळ्या गणपतीचं राहू दे. तिथे बल्गेरियन बोलणार कोण? दरवर्षी हिनेच गाऱ्हाणं घालायचं."

झालं! टायपिंग राहिलं बाजूला. पोरीने दिल्लीला जाऊन असा अभ्यास केला की विचारू नका. पुन्हा देवासमोर उभं राहून स्टेशन विचारायची तिला लाज वाटत होती. गोठा, वासरू, काजूचा मोहोर, दृष्ट लागणे, एकेक शब्द मास्तरांना विचारून घेतला. मास्तर चक्रावले. "बल्गेरियात जाऊन तू करणार तरी काय?" ही म्हणाली, "बल्गेरियात नाही सर, कोरगावात."

पुढच्या चवथीला ती उभी राहिली तेव्हा बरोबर बोलत होती, ते न कळताही कळत होतं. नेहमीच्या क्रमाने गुरं झाली, शेत झालं, पोरंबाळं झाली, मागोमाग आमचं "होय म्हाराजा!" चाललं होतं. मग तिने एकदा बाबांकडे, एकदा काकांकडे पाहिलं. लांबलचक काहीतरी म्हणाली. त्यातले आम्हाला दोनच शब्द समजले, बाबुराव आणि शांताराम, एकाला लागून एक.

आम्ही तोंड उघडायच्या आत ते दोघेच म्हणाले, "होय म्हाराजा."