लेकुरवाळं हळकुंड

धाकट्या दिराच्या लग्नात हळद कांडायचा मान माझा होता. थोरल्या सुनेनं आधी मुसळ धरायचं, मग बाकीच्या सवाष्णींनी, ही आमच्या सासरची रीत. आता हळद दुकानातून दळलेलीच येते, उखळात चार हळकुंडं नावाला टाकतात. पण मुसळ खरं असतं, आंब्याची पानं बांधलेलं, जड, आणि घाव खरेच घालावे लागतात. त्या सकाळची मी धास्ती घेतली होती, कारण मला दिवस गेले होते आणि ते नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

गंगापूर रोडच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, वजन उचलायचं नाही, अंगाला दणका बसेल असं काही करायचं नाही. मागच्या खेपेला तिसरा महिना भरायच्या आतच सगळं संपलं होतं. त्याआधी सासूबाईंनी आनंदाच्या भरात आळीभर पेढे वाटले होते. नंतर आमच्या मळ्यात फुलं तोडायला येणाऱ्या बायकासुद्धा माझ्याकडे बघून हळहळायच्या. त्या हळहळीचा मला एवढा संताप यायचा की पुन्हा वेळ आली तर ब्र काढायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. सासूबाईंजवळ तर मुळीच नाही.

तशी मी शाळेत विज्ञान शिकवते. फुलातलं फलन फळ्यावर रंगीत खडूंनी काढते. उखळ कशाचं प्रतीक आणि मुसळ कशाचं, हे मला न कळायला काय झालं? एरवी यावरून मी नवऱ्याची भरपूर चेष्टा करते. पण त्या दिवशी मांडवात बसले आणि मला त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटेना.

चुलतसासूबाई ताट घेऊन आल्या. त्यात नव्या नवरीच्या ओटीसाठी निवडलेलं लेकुरवाळं हळकुंड होतं, म्हणजे एक जाडजूड गड्डा आणि त्याला चिकटलेली छोटी छोटी हळकुंडं. ते ओटीत घातलं की घर लेकरांनी भरतं म्हणतात.

"चल गं, धर मुसळ," त्या मला म्हणाल्या. "अन् जरा जोरात हाण, म्हंजी तुझीबी कूस उजवंल."

बायका हसल्या. मी उठले. पाठ दुखते म्हणावं तर कुणी ऐकणार नाही. पाळीची अडचण सांगावी तर अख्ख्या लग्नातून बाहेर बसावं लागणार, शिवाय तसं तोंडातून काढायचीही भीती वाटत होती. मोबाइल माझ्याकडे वळले होते. मी मुसळाला हात लावला.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

"हिच्या हातून नको," त्या म्हणाल्या आणि दोन मुलांची आई असलेल्या माझ्या चुलतजावेकडे वळल्या. "तू धर. तू लेकुरवाळी हायेस."

चुलतजावेनं मुसळ उचललं. सुटले म्हणून श्वास सोडावा की तोंड लपवावं, मला कळेना. फुलांचे क्रेट ठेवतो त्या मागच्या खोलीत जाऊन मी रडले. बाहेर गाणी सुरू झाली होती.

सासूबाई आत आल्या आणि त्यांनी कडी लावली.

"आई, एवढ्या बायकांत तुम्ही माझा—"

"गप. पदर पसर."

त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता, नारळ होता, वाटीत तांदूळ होते. "चोर ओटी हाय," त्या कुजबुजल्या. "कुणाला न सांगता भरायची असती."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? फोडणीचा वास आला की तोंड फिरवतीस. फुलांची पाटी उचलायची म्हटलं की नवऱ्याला हाक मारतीस." त्यांनी मला कुंकू लावलं. "मला नाय सांगितलं तू. बरं केलं. मागल्या बारीला मीच पेढे वाटत फिरले. लय भीती वाटती गं मला."

घाईघाईत ओटी भरताना त्यांच्या हातून अर्धे तांदूळ खाली सांडले. शेवटी त्यांनी कमरेला खोचलेलं काहीतरी काढून ओटीत घातलं. ते लेकुरवाळं हळकुंड होतं.

"अहो, हे नव्या नवरीचं आहे."

"असू दे," म्हणत त्यांनी ते माझ्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं, नारळ रिकाम्या क्रेटखाली ढकलला आणि बाहेर गेल्या.

दाराआडून मला चुलतसासूबाईंचा आवाज ऐकू आला. "इथलं हळकुंड कुठं गेलं?"

"उंदरानं नेलं असंल. दुसरं बघा."

मग चुलतसासूबाईंचा आवाज खाली आला. "मुसळ काढून घेतलं, बरं केलं बाई. थोरलीचं अजून काही हाय का नाय?"

"काही नाय," सासूबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "काहीच नाय."

लग्न होऊन आल्यापासून हे उत्तर मी कितीदा तरी ऐकलं होतं आणि दर वेळी मान खाली घातली होती. त्या दिवशी पदराची गाठ मुठीत घट्ट धरून मी मनात म्हटलं, आई, अजून थोडे दिवस असंच म्हणत राहा.