एका पत्त्याचं बेट

मार्दाविया माझ्या शेजारच्या टेबलावर सात वर्षं बसली. काम करता करता तिची नजर खिडकीबाहेर जायची आणि तिथेच राहायची. इंडोनेशियातल्या आमच्या मकास्सरच्या बंदरावर दुपारचं ऊन उतरलं की समुद्र आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून जाते, तिकडे. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ‘ओ’ द्यायची. आमचे साहेब दाएंग रुस्लान (दाएंग म्हणजे आमच्याकडचं मानाचं ‘दादा’) म्हणायचे, “पगार आपला, पण ही नोकरी ढगांची करते.”

काम मात्र चोख. आमचं वेब अ‍ॅप समोरच्या लहान बेटांसाठी होतं. वाऱ्याचा अंदाज, होड्यांच्या वेळा, दवाखान्याच्या पाळ्या, प्रत्येकाचा सर्व्हर निराळा, आणि बेटांवरचे फोन थेट ज्याच्या त्याच्या दारात जाऊन धडकायचे. रोज एक तरी दार मोडायचं. मार्दावियाने ठरवलं, या सगळ्यांपुढे एक गेटवे बसवायचा, गावाला वेस असते तसा. येणारा प्रत्येक निरोप आधी तिथे थांबेल, तपासला जाईल, मग योग्य सर्व्हरकडे जाईल. आणि एका इंटरनेट पत्त्यावरून मिनिटाला साठच निरोप. जास्त झाले तर थोडा वेळ बाहेर.

दीड महिना ती त्यातच हरवली होती. “डोळे मिटले की निरोप दिसतात गं,” एकदा मला म्हणाली, “पाण्यावरून चालत येणारे, एकामागून एक.”

सोमवारी गेटवे सुरू झाला. सर्व्हर असे शांत झाले की साहेबांनी सगळ्यांना गुळाच्या पाकातली भाजकी केळी खाऊ घातली.

गुरुवारी सकाळी लांतेबोने बेटावरून साओदाताईंचा फोन आला. त्या तिथल्या सुईण.

“काय गं मार्दाविया, आमच्यावर रुसलात का तुम्ही?”

“का हो ताई? काय झालं?”

“तीन दिवस झाले, पहाटे वारा बघायला जावं तर अ‍ॅप म्हणतं, फार वेळा विचारताय, थांबा. अगं, मी एकदाच विचारलं! काल एका अडलेल्या बाईला शहरात न्यायचं होतं. वारा कळेना. शेवटी म्हाताऱ्या दाएंग न्याम्पांना किनाऱ्यावर उभं केलं. त्यांनी आभाळाकडे बघून ‘निघा’ म्हटलं, तेव्हा होडी सोडली.”

“बाई कशी आहे?” मार्दावियाने विचारलं.

“बरी आहे. मुलगी झाली. पण आता अख्खं बेट म्हणतंय, अ‍ॅपपेक्षा म्हातारबाबा बरे!”

मार्दावियाने गेटवेची नोंद उघडली. लांतेबोनेवर टॉवर एकच. सगळ्या फोनांचे निरोप तिथून एकाच पत्त्याने बाहेर पडत. पहाटे सव्वाशे नावाडी एकदम वारा विचारत, आणि गेटवेला वाटे, कुणी एकटाच हावरट माणूस दार ठोठावतोय.

“अख्ख्या बेटाला मी एक माणूस समजले,” ती हळूच म्हणाली.

पाच मिनिटांत तिने त्या टॉवरची मर्यादा वाढवली.

“झालं की,” साहेब म्हणाले. “आता तोंड कशाला पाडतेस?”

“नाही झालं. पत्ता मोजून चालणार नाही, माणूस मोजायला हवा. प्रत्येक होडीला स्वतःची किल्ली द्यायची, म्हणजे फोनमध्ये तिच्या ओळखीचा वेगळा आकडा.”

“मग दे पाठवून.”

“कुणाला? मला त्यांच्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही.”

शनिवारी आम्ही दोघी निघालो. पाणी इतकं नितळ होतं की आमच्या होडीची सावली तळाच्या प्रवाळांवरून सरकताना दिसत होती. मार्दावियाने हात पाण्यात सोडला होता. दोन तासांनी लांतेबोने आलं.

दवाखान्याच्या ओसरीवर चटई टाकून ती बसली. नावाडी एकेक करून फोन पुढे करत.

“होडीचं नाव?”

“चहाया.” म्हणजे उजेड.

“दादा, तीन चहाया आधीच झाल्यात.”

“मग माझी लिहा, खरी चहाया!”

मागचे तिघे एकदम ओरडले. हसणं किनाऱ्यापर्यंत गेलं.

उन्हं कलली तेव्हा दाएंग न्याम्पा काठी टेकत आले. त्यांच्याकडे फोनच नव्हता. मार्दाविया उठून उभी राहिली.

“आजोबा, माझ्या चुकीमुळे त्या पहाटे तुम्हाला उभं राहावं लागलं.”

म्हातारा काठीवर रेलला. “बरं झालं, पोरी,” तो म्हणाला. “अ‍ॅप आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला काही विचारलं.”

तिने त्यांना चटईवर बसवलं. परत येताना होडीत म्हणाली, “सगळं नीट करूनसुद्धा एक माणूस आपण बाहेर ठेवलाच होता.”

पुढच्याच आठवड्यात तिने गेटवेमागे आणखी एक इवलंसं दार जोडलं. साओदाताई पहाटे दाएंग न्याम्पांना आभाळ विचारतात आणि त्यांचं एक वाक्य फोनवर टाकतात. अंदाजाच्या खाली ते दिसतं. साहेब आधी कुरकुरले, मग स्वतःच रोज वाचू लागले. कधी अंदाज आणि म्हातारा यांचं जुळत नाही. तेव्हा लोक दोन्ही वाचतात, आणि अंमळ थांबून निघतात.

मार्दाविया आता लग्न होऊन दूर पालू शहरात गेलीय. गेटवे मी सांभाळते. कामावर आले की आधी म्हाताऱ्याचं वाक्य उघडते. परवा त्यांनी सांगितलं होतं, “वारा आहे, पण त्याच्या मनात काही नाही. जा.”