खंडेनवमीला सैल राहिलेले बोल्ट

माझा थोरला भाऊ गाडी बेफाम चालवायचा आणि त्यापायीच त्याचा पाय गेला, असं आमच्या घरात आजवर सगळे मानत आले. मी ते कधी खोडून काढलं नाही. दादा आता नाही. त्या दिवशी तो गाडी हळू चालवत होता, हे सांगणारा मी एकटाच उरलो आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही काशीत दुर्गाघाटाला राहायचो. दादा विद्यापीठात शिकवायचा, मी रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांच्या जोडणीवर होतो. दादाने एका जुन्या, हवेलीसारख्या कोठीच्या आवारातून एक विलायती स्पोर्ट्स कार आणली होती. दोनच माणसं बसायची, टप उघडा. तिथे पडून असताना तिच्यात कोंबड्या बसत होत्या. आमच्या गल्लीत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे, म्हणून गाडी मैदागिनजवळच्या एका लाकडाच्या वखारीत उभी असायची.

ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढली जायची आणि खड्ड्यात पुढून खडखडायची. पुढची चाकं लोखंडी आर्मनी धरलेली असतात, आणि आर्म जिथे चौकटीला बोल्टने जोडतात तिथे रबराचे बुश असतात. ते बुश चिरून गेले होते. कलकत्त्याहून नवे मागवले आणि मीच बसवायला घेतले. या कामाचा एक नियम आहे. गाडी जॅकवर असताना बोल्ट फक्त हाताने फिरवून ठेवायचे. गाडी खाली उतरवून तिचा भार चाकांवर आला, की मग आवळायचे. आधीच आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आवळून झालं की नटातून पिन घालायची, म्हणजे तो फिरत नाही.

खंडेनवमीच्या दुपारी मी गाडी खाली उतरवली आणि आवळण्याआधी जेवून यावं म्हणून घरी आलो. वखारीला दार नव्हतं, त्यामुळे हत्यारांचा डबा बरोबर होता.

आई देवघरासमोर बसली होती. पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, दादाचं पेन मांडलेलं.

"तो डबा आण इकडे."

"आई, थोडं काम राहिलंय."

"वर्षात एक दिवस मिळतो बिचाऱ्यांना. उद्या पूजा हलवली की घेऊन जा."

तिने एकेका स्पॅनरला हळदकुंकू लावलं. कुंकू लागलं की हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. बाहेरून स्पॅनर मागून आणावा तर त्या गाडीचे नट विलायती मापाचे, तसे स्पॅनर आमच्या ओळखीत कोणाकडे नव्हते. पण मागायला मी गेलोही नाही.

जेवताना दादाने विचारलं, "काय रे, झालं का? की रेल्वेचा माणूस म्हणून लेटच चालायचं?"

वहिनी हसली. मला राग आला.

"झालं," मी म्हणालो.

"मग उद्या सीमोल्लंघन गाडीतून! बाबांना घेऊन."

"मी त्या पिंपात बसणार नाही," बाबा म्हणाले. पण ते खुशीत होते.

सकाळी उठून आवळू, असा माझा हिशेब होता. दसऱ्याला आईची पूजा आटोपायला उशीर झाला. स्पॅनर खिशात घालून निघालो, तर तिने आधी गाडीसाठी हार आणायला पिटाळलं. हार घेऊन वखारीत पोचलो. शेड रिकामी होती.

"भइया तो निकल गए," वखारवाला म्हणाला. "बोले, बाद में मूर्तियों की भीड़ हो जाएगी। बाबूजी भी साथ रहे।"

दादा सीमा ओलांडायला गंगेपलीकडेच जाणार, हे मला ठाऊक होतं. वखारवाल्याची सायकल घेतली आणि राजघाटाच्या पुलाकडे निघालो. हाताने फिरवलेला नट थरथरीने कसा उलटा फिरत जातो, ते मी कारखान्यात पाहिलेलं होतं.  पुलावर मी रस्त्याकडे पाहत नव्हतो, कठड्याकडे पाहत होतो. कुठे तुटलाय का, कुठे माणसं वाकून खाली बघतायत का. नदी पावसाळ्यानंतरची, भरलेली आणि गढूळ. मध्यावर असताना पुलाच्या खालच्या मजल्यावरच्या रुळांवरून मालगाडी गेली आणि अख्खा पूल हलला. मी उतरून कठड्याला धरून उभा राहिलो.  वरून जाणाऱ्या दादाच्या गाडीलाही असेच हादरे बसले असतील, एवढंच डोक्यात येत होतं.

पूल संपल्यावर थोड्या अंतरावर गर्दी दिसली. गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात आडवी होती. बाबा कोणाच्या तरी खाटेवर बसून पुटपुटत होते, त्यांना खरचटलंही नव्हतं. दादाला लोकांनी बाहेर काढून निजवलं होतं. त्याच्या उजव्या पायाकडे मी पाहिलं आणि मान फिरवली.

"बहुत तेज रहे होंगे," कोणीतरी म्हणालं.

"नाही रे," दादा मला म्हणाला. "बाबा होते, मी हळूच होतो. चाक आपोआप वळलं. जरा खाली बघ, काय तुटलंय."

मी आडवा होऊन खाली पाहिलं. एका आर्मचा बोल्ट नव्हताच, नुसतं भोक होतं. दुसऱ्याचा नट शेवटच्या आट्यावर लटकत होता.

"काही तुटलेलं नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग वेगच असणार, मी तर डोळे मिटूनच बसलो होतो," बाबा म्हणाले. मी कपड्यांवरची माती झटकली.

नंतर पाय कापावा लागला. गाडी ओढून वखारीत आणली तेव्हा कोणी वाकून पाहील या धास्तीने मी आधी नवा बोल्ट घातला, सगळे आवळले, पिना घातल्या. दादा पुढे कित्येक वर्षं सांगायचा, "चाक आपोआप वळलं होतं." वहिनी म्हणायची, "पुरे आता. सगळ्यांना माहितीय तुम्ही कसे चालवायचात ते." तो माझ्याकडे बघायचा. मी चहा पीत राहायचो.

गेल्या महिन्यात मी हे दादाच्या मुलीला सांगितलं. ऐकून तिने विचारलं,

"बाबांनी तुम्हाला खाली बघायला सांगितलं, तेव्हा त्यांना संशय आला होता का, काका?"

"माहीत नाही."

"आईला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

वहिनी वरच्या मजल्यावर असते. मी रोज जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो. म्हणून हे लिहून काढलं. पण तिला आता डोळ्यांनी दिसत नाही. कोणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि ते मलाच करावं लागणार.