तोंड बांधून केलेली तपासणी

माझ्या तरुणपणची गोष्ट आहे. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पण आज साठी ओलांडून मागं बघते, तर ती चोपन्नची बाई मला पोरसवदा आणि चांगलीच आगाऊ दिसते.

बारावीच्या परीक्षेत मुलींची झडती घ्यायला बाईच लागते, आणि त्या कामाची माझ्याएवढी हौस आमच्या पूर्णेत दुसऱ्या कोणत्या शिक्षिकेला नव्हती. वेणीत गुंडाळलेली चिठ्ठी मी पाच पावलांवरून ओळखायचे. सँडलच्या तळातली, कंपासच्या कागदाखालची, एकदा तर प्लॅस्टरमधली. दहा वाजता मी फाटकावर उभी राहिले की मुली आधीच कोपऱ्यात जाऊन चिठ्ठ्या टाकायच्या, याचा मला केवढा अभिमान!

बुरख्याबद्दल माझी दोन मतं होती. एक, बिचारी, घरच्यांनी कोंडलेली. दोन, आत काय लपवलं असेल सांगता येत नाही. दोन्ही मतांचं आपसात पटत नव्हतं, पण मी गरजेप्रमाणे दोन्ही वापरायचे. स्टाफरूममधले सर म्हणायचे, "मॅडम, त्यात अख्खं गाईड मावतंय." आम्ही सगळे हसायचो. पकडून मी डब्यात जमा केलेल्या चिठ्ठ्या सगळ्या उघड्या तोंडाच्या मुलींच्या होत्या. ते मला दिसत होतं, पण त्याचा विचार करायला सवड नव्हती.

त्या वर्षी माझी ड्यूटी पूर्णेहून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गावातल्या केंद्रावर लागली. मी स्कूटीवरून निघाले. आमच्याकडे फेब्रुवारी संपतानाच ऊन असं लागतं की गाडीवरची प्रत्येक बाई तोंड बांधून निघते. माझं त्याहून खास कारण होतं. आदल्या रविवारी नातीचं बारसं झालं. आजी झाले तरी मला आजी दिसायचं नव्हतं, म्हणून केस काळे केले. त्या रंगानं कपाळ वांग्यासारखं झालं आणि डावा डोळा टम्म सुजला. म्हणून स्कार्फ नाकावरून घेतला, डोक्याभोवती दोनदा गुंडाळून मानेमागं पक्की गाठ मारली आणि वर काळा गॉगल. फाटकावरच्या हवालदारानं "या मॅडम" म्हणून सलाम ठोकला आणि मी तशीच, कोणी ओळखपत्र न विचारता, झडती घ्यायला उभी राहिले.

रांगेत ती आली. काळा बुरखा, डोळे तेवढे उघडे. हातात हॉलतिकीट आणि दोन पेनं. वय पंचविसाच्या आसपास असावं.

"नकाब वर करा," मी म्हणाले.

"करते की मॅडम. त्या खोलीत चला." तिनं व्हरांड्यातल्या प्रयोगशाळेकडं बोट केलं.

"इथंच. सगळ्यांची तपासणी इथंच चाललीय."

"सगळ्यांच्या पर्सा बघायलात तुमी, तोंड न्हाई. इथं हवालदारसाहेब हायत, पोरं हायत. बाईमाणसापुढं शंभरदा काढते. एका मिनिटाचं काम हाय."

खरंच एका मिनिटाचं काम होतं. प्रयोगशाळा वीस पावलांवर. 'अशा उमेदवाराची ओळख महिला कर्मचाऱ्याने बाजूला नेऊन तपासावी' असं लिहिलेला कागदही माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला. पण फाटक माझं होतं, रांग माझी होती. माझ्या रांगेत मला कोणी खोली दाखवणार?

"मॅडम, इंग्रजी एवढा एकच पेपर राहिलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनदा गेलाय. आमच्या गावात अंगणवाडीची जागा भरायलेत, तिला बारावीचा मार्कमेमो लागतोय. आज हुकलं तर ती जागा माझ्यासाठी थांबणार न्हाई."

"मग काढ की! शिकायचंय, नोकरी करायचीय, आणि हे कशाला अंगावर? घरच्यांना ठणकावून सांगता येत नाही?"

त्यापुढं मी जे भाषण केलं ते चांगलं होतं. सावित्रीबाईंपासून सुरू केलं होतं. मागं रांग तुंबली. पहिली घंटा झाली. ती रडेल, नाहीतर नकाब काढेल, अशी मला खात्री होती. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. माझं भाषण संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली,

"मॅडम, एक विचारू का? तुमी तरी मॅडमच हाव, हे मला कसं कळावं? माझा निदान हॉलतिकिटावर फोटो हाय. तुमच्या तर डोळ्यालाबी काळा चष्मा हाय."

मागच्या मुली फसकन हसल्या. हवालदार तोंड फिरवून खोकला. "खरंय की मॅडम," तो म्हणाला, "म्याबी सकाळी गाडी न रुबाब बघूनच सोडलं तुमाला."

"मॅडम, तुमीबी काढा की!" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

काढते की, मला काय भीती! हात मानेमागच्या गाठीवर गेला. आणि डोळा आठवला. समोर मुली, पलीकडच्या रांगेत पोरं, हवालदार तर टक लावून बघत होता.

"खोलीत चल," मी म्हणाले आणि मागची रांग तशीच आत सोडली.

प्रयोगशाळेत तिनं दार लोटून घेतलं आणि नकाब वर केला. घामेजलेला साधा चेहरा, गालावर शाईचा ठिपका. फोटोतलीच होती. मी मान हलवली. ती जागची हलली नाही.

"आता तुमी."

नाही म्हणता आलं असतं. पण मी गॉगल काढला, स्कार्फ सोडला.

"या अल्ला! मॅडम, हे काय करून घेतलं?"

"केस काळे केले."

"कशापायी?"

"नातीच्या बारशापायी."

ती पोट धरून हसली. मग एकदम जवळ येऊन बघितलं. "डॉक्टरला दाखवलं का? आजच दाखवा. डोळा हाय."

ती नकाबाला टाचणी लावत होती, मी गाठ मारत होते. मी विचारलं, "खरं सांग, तुला कोणी सक्ती करतं का गं?"

"माझी सासू जन्मभर लुगड्यात राबली. तीच म्हणते, काढ ते, तुला बघून मला उकडायलंय. मीच न्हाई काढत. मला बरं वाटतं यात. तुमाला?"

"मला काही बरं वाटत नाही," मी म्हणाले. "मला लपायचं होतं." तिला लपायचं नव्हतं. दोघींची तोंडं झाकलेली होती, त्यापलीकडं आमच्यात काही सारखं नव्हतं. एवढं समजायला मला चोपन्न वर्षं लागली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पेपर वाटून झाले होते. केंद्रसंचालक वर्गाच्या दारात आडवे उभे. "उशीर झालाय. आता आत न्हाई. बाहेरूनच उशिरा आली ना, मॅडम?"

मी नुसती मान हलवली असती तर विषय संपला असता. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. बुरखेवालीपेक्षा मास्तरणीचं खरं.

"उशीर माझ्यामुळं झाला," मी म्हणाले.

"मग तसं लेखी द्या. गेलेली मिनिटं शेवटी वाढवून देतो. पण कारण लिहावं लागंल."

माझ्या नोकरीत तोवर एक शेरा नव्हता. मी लिहिलं: उमेदवाराची ओळख नियमाप्रमाणे बाजूला नेऊन न तपासता मी फाटकावर वाद घातला, त्यात अठरा मिनिटे गेली. खाली सही केली. ती बाकावर बसून लिहायलाही लागली होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि बघायला तिला वेळ कुठं होता!

नात हल्ली विचारते, "आज्जी, तू तिची माफी मागितलीस का?" कागदावर मागितली, समोर नाही. भाषण येणाऱ्या बाईला तेवढे दोन शब्द आले नाहीत.

दोन वाजता वर्ग रिकामा झाला. ती एकटी लिहीत राहिली, आणि तिच्यावर देखरेखीला मी थांबले. तेवढ्यात भरारी पथकातले साहेब डोकावले. "ही अजून बसलीय? चेहरा बघितलाय का कुणी?"

"मी बघितलाय."

"नक्की?"

"नक्की. आणि तिनं माझा."

साहेबांना काही कळलं नाही. ते घड्याळ बघत पुढं गेले. सात मिनिटं उरली असताना तिनं मान न उचलता हात वर केला.

"मॅडम, पुरवणी."

मी त्या वयात टेबलापर्यंत पळत गेले. पुरवणी आणली आणि तिनं पेन खाली ठेवायच्या आत दोरा ओवून मीच गाठ मारून दिली. तिचं अर्धं मिनिट वाचलं.