पिवळ्या ओळी

सलाइनमधून औषध मोजून सोडणाऱ्या पंपाचा प्रोग्राम मी सात वर्षं सांभाळत होते. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा आमचा जुना कंपायलर त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. एका सकाळी त्याची नवी आवृत्ती बसवली आणि स्क्रीन पिवळ्या वॉर्निंगांनी भरून गेली. प्रोग्राममधलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

मला रागच आला. "नव्याला उगाच किरकिर करायची सवय दिसतेय. बंदच करू या या वॉर्निंग," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या शुभांगीताई चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, आधी वाचून तर बघ. आणि दुसऱ्या एखाद्या कंपायलरलाही विचारू."

त्या दुसऱ्याने यातल्या निम्म्या गोष्टींकडे लक्षच दिलं नाही, पण वेगळ्याच चार दाखवल्या. त्यातली एक मी पुन्हा पुन्हा वाचली. पंप मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, तर औषधाच्या वेगाचा आकडा ठरण्याआधीच वापरला जात होता; म्हणजे औषध कितीही वेगाने सुटू शकलं असतं. कुणाला इजा झाल्याचं कानावर आलं नव्हतं, एवढंच.

दुपारभर बसून आम्ही ते दुरुस्त केलं. कुणी काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे गं," ती नेहमीसारखं म्हणाली.

मी पर्स खाली ठेवली, तिच्याजवळ बसले आणि पुन्हा विचारलं.